ब्रिटनमध्ये दारावर येणारा कचरा-व्हॅनवाला: हो म्हणण्याआधी काय काय तपासायचं

इंग्लंडमधलं आमचं पहिलं स्वतःचं घर. चावी हातात आली तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकाचा सोफा, दोन मॅट्रेस, मोडकी शेड आणि कार्पेटच्या गुंडाळ्या तशाच पडलेल्या होत्या. त्यात आमच्या सामानाच्या रिकाम्या खोक्यांची भर. आई पुण्याहून चार महिन्यांसाठी आली होती. एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात पिवळं चमकतं जाकीट घातलेला माणूस, रस्त्यावर उघड्या हौद्याची छोटी गाडी. म्हणाला, "शेजारच्या गल्लीत काम चाललंय, गाडीत जागा उरलीय. चाळीस पौंडांत सगळं नेतो."

आईनं आतून विचारलं, "भंगारवाला आलाय का रे? किती देतो म्हणतो?"

तासाभरात सगळं गाडीत चढलं आणि चाळीसचे दोनशे साठ झाले. "चाळीस म्हणजे खोक्यांचे. सोफ्याचे वेगळे, मॅट्रेसचे वेगळे." दोघे अंगापिंडानं दणकट माणसं, आई घरात, शेजारी खिडकीतून बघतायत. घासाघीस करून एकशे ऐंशी रोख दिले आणि सुटलो, असं वाटलं.

आठ आठवड्यांनी काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पाकीट आलं. आत फोटो होता. शेतातून जाणाऱ्या अरुंद रस्त्याकडेच्या चरात आमचा सोफा उपडा पडलेला, आणि त्याच्या शेजारी मिक्सरचं खोकं. खोक्यावरचं कुरिअरचं लेबल शाबूत. माझं नाव, घराचा नंबर, पोस्टकोड, सगळं नीट वाचता येत होतं. मला दोनशे पौंड दंड झाला. टाकणारा सापडला नाही.

त्यानंतर काउन्सिलच्या अधिकाऱ्याशी झालेल्या बोलण्यातून आणि बऱ्याच वाचनातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये दंड आणि नोंदणी करणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, पण फसवण्याची पद्धत सगळीकडे एकच.

१. आधी डोक्यातला भंगारवाला काढून टाका

आईचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे रद्दीवाला, भंगारवाला दारावर येतो, तराजू काढतो आणि आपल्याला पैसे देऊन जातो. जे नेतो ते पुढे विकतो. त्यामुळे कचरा न्यायला दारावर आलेला माणूस म्हणजे आपली सोय, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. ब्रिटनमध्ये हिशोब नेमका उलटा आहे. इथे कचरा टाकायला पैसे पडतात.

जमिनीत पुरायच्या कचऱ्यावर सरकार लँडफिल टॅक्स घेतं. २०२५-२६ साठी त्याचा मुख्य दर टनाला १२६.१५ पौंड होता, आणि कचरा घेणाऱ्या जागेचं भाडं वरून वेगळं. सोफा तर आता साधा पुरताही येत नाही. जुन्या सोफे-खुर्च्यांच्या कापडात आणि फोममध्ये आग रोखणारी घातक रसायनं असू शकतात, म्हणून ते सामान वेगळं ठेवून जाळावं लागतं. फ्रिजमधला गॅस आधी काढून घ्यावा लागतो. शिवाय डिझेल, दोन माणसांची मजुरी, गाडीचा विमा. एवढं सगळं करून कोणी सोफा, दोन मॅट्रेस आणि शेड चाळीस पौंडांत नेत असेल, तर तो ते योग्य जागी टाकणार नाही, हे गणित पाचवीतला मुलगाही करेल. मी केलं नाही.

असा कचरा रस्त्याकडेला, शेतात, रेल्वेच्या पुलाखाली टाकून पळण्याला इथे फ्लाय-टिपिंग म्हणतात. एकट्या इंग्लंडमध्ये २०२३-२४ या वर्षात काउन्सिलांनी अशा सुमारे ११.५ लाख घटना नोंदवल्या. त्यांतल्या ६० टक्क्यांत घरगुती कचरा होता.

आणि मुख्य मुद्दा. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार, घरातला कचरा अधिकृत माणसाकडेच जाईल याची वाजवी काळजी घेणं ही घरात राहणाऱ्याची जबाबदारी आहे. "मी पैसे दिले होते" हे उत्तर चालत नाही. ही काळजी घेतली नाही म्हणून काउन्सिल जागेवर जो दंड लावू शकतं त्याची कमाल मर्यादा पूर्वी ४०० पौंड होती; ३१ जुलै २०२३ पासून ती ६०० झाली. प्रकरण कोर्टात गेलं तर त्याहून जास्तही होऊ शकतो. भाड्याच्या घरात राहत असाल तरी ही जबाबदारी तुमच्या कचऱ्यापुरती तुमचीच. घरमालकाचा जुना कपाट-पलंग मात्र परस्पर काढून देऊ नका, त्याला लेखी विचारा.

२. दारात उभं राहून काहीही ठरवू नका

दारावर आलेल्या माणसाचा सगळा डाव घाईवर चालतो. "गाडीत जागा आहे", "आत्ता इथेच आहोत", "उद्या दर वाढेल". कधी कोऱ्या जाकिटावर काउन्सिलसारखा दिसणारा बिल्ला असतो. काउन्सिलची माणसं रोख घेऊन सोफा न्यायला अशी अवचित येत नाहीत.

उत्तर आधीच पाठ करून ठेवा. मी घरात सगळ्यांना एकच वाक्य शिकवलंय: "नो थँक यू, वी डोन्ट बाय ॲट द डोअर." एवढं म्हणायचं आणि दार लावायचं. आपल्याला असं दार लावणं उद्धट वाटतं, पाहुण्याला पाणी विचारायची सवय असते. (आईनं त्या दिवशी दोघांना चहासुद्धा विचारला होता.) इथे त्यात काही गैर नाही. उलट, जा म्हटल्यावरही दारातून न हलणं किंवा नको सांगूनही परत परत येणं ही ग्राहक कायद्यानं बंदी घातलेली वागणूक आहे. माणूस हलत नसेल तर १०१ वर पोलिसांना फोन करा. धमकावत असेल तर सरळ ९९९.

भारतातून आलेले आई-वडील दिवसभर घरी एकटे असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, आणि दाराची साखळी लावूनच बोलायला सांगा. एक जण पुढच्या दारात बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा मागच्या अंगणातून आत शिरतो, असेही प्रकार होतात. मागचं दार बंद आहे ना, हे बघायची सवय लावा.

आणखी एक. फेसबुकवरच्या स्थानिक ग्रुपमध्ये "सगळा कचरा नेतो, स्वस्तात, आजच" अशी जाहिरात करणारा आणि दारावर येणारा यांच्यात फरक फक्त बेलचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यालाही तशाच लागू.

३. आधी सरळ मार्ग बघा

पैसे देऊन माणूस बोलवायची वेळ बहुतेकदा येतच नाही. आम्हाला हे माहीत असतं तर अंगणातला निम्मा ढिगारा फुकट गेला असता.

काउन्सिलची मोठ्या वस्तूंची सेवा: काउन्सिलच्या वेबसाइटवर 'बल्की वेस्ट कलेक्शन' शोधा. वस्तूंच्या संख्येप्रमाणे पैसे असतात, दर प्रत्येक काउन्सिलचा वेगळा. तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळू शकते. ही प्रतीक्षा टाळण्याचीच लालूच दारावरचा माणूस दाखवतो.

टिप: म्हणजे काउन्सिलचं कचरा केंद्र. घरगुती कचरा स्वतः नेऊन टाकायला पैसे लागत नाहीत. काही ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो, व्हॅन भाड्यानं नेली तर परवाना लागतो. जाण्याआधी वेबसाइट वाचा, नाहीतर फाटकावरून परत. घरातल्या किरकोळ दुरुस्तीचा राडारोडा टाकायला पूर्वी बरीच काउन्सिलं पैसे घ्यायची. इंग्लंडमध्ये ३१ डिसेंबर २०२३ पासून ते बंद झालं. एका खेपेला ५० लिटरच्या दोन पिशव्यांपर्यंत किंवा एक मोठी वस्तू, आणि चार आठवड्यांत अशा चार खेपा मोफत.

दुकान: नवा फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घेताना जुनं नेण्याची सोय विचारा. ऑर्डर करतानाच सांगावं लागतं, डिलिव्हरीवाल्याला दारात सांगून उपयोग नाही.

संस्था: वस्तू चांगल्या स्थितीत असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था घरी येऊन फुकट नेतात. सोफ्यावर आगीसंबंधीचं लेबल शिवलेलं हवं. ते कापून टाकलं असेल तर सोफा कितीही नवा दिसो, नेत नाहीत. त्यामुळे नव्या सोफ्याचं ते खुपणारं लेबल कापू नका. फ्रीगल, फ्रीसायकल या वस्तू फुकट देण्या-घेण्याच्या वेबसाइटवर फोटो टाकलात तर धडधाकट टेबल-खुर्च्या दोन दिवसांत जातात.

स्किप: म्हणजे कचऱ्यासाठी भाड्यानं मिळणारी मोठी लोखंडी पेटी. घराचं मोठं काम असेल तरच. ड्राइव्हवेवर ठेवला तर काही लागत नाही, रस्त्यावर ठेवायचा तर काउन्सिलचा परवाना हवा. तो सहसा स्किपवालाच काढतो, पण काढलाय का ते विचारा. आणि रात्री त्यावर ताडपत्री टाका, नाहीतर सकाळी शेजारपाजारच्या मॅट्रेस त्यात झोपलेल्या दिसतील.

४. नोंदणी क्रमांक मागा, आणि तो स्वतः तपासा

एवढं करूनही माणूस बोलवावा लागला, तर ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. ती पाच मिनिटांची आहे आणि ती न केल्यापायी माझे दोनशे पौंड गेले.

दुसऱ्याचा कचरा पैसे घेऊन वाहून नेणाऱ्याला 'वेस्ट कॅरियर' म्हणून नोंदणी करावी लागते. इंग्लंडमध्ये ती एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेकडे होते. फोनवर किंवा मेसेजवर विचारा: "तुमचा वेस्ट कॅरियर नंबर काय?" खरा व्यावसायिक लगेच सांगतो, बहुतेकांच्या गाडीवर आणि पावतीवरही तो असतो. "ऑफिसमध्ये आहे", "भावाच्या नावावर आहे", "घरगुती कचऱ्याला लागत नाही" यांपैकी काहीही ऐकलंत तर फोन ठेवा. तिसरं तर धडधडीत खोटं आहे.

नंबर मिळाला की लगेच विश्वास ठेवू नका. सरकारच्या गव्ह डॉट यूके या वेबसाइटवर नोंदणीकृत वेस्ट कॅरियरांची यादी सगळ्यांना खुली आहे. नावानं, नंबरानं किंवा पोस्टकोडनं शोधता येतं, पैसे लागत नाहीत. वेल्ससाठी नॅचरल रिसोर्सेस वेल्स, स्कॉटलंडसाठी सेपा आणि उत्तर आयर्लंडसाठी तिथली एन्व्हायर्नमेंट एजन्सी बघा. यादीत चार गोष्टी ताडून पाहा.

नाव. तुमच्याशी बोलणारा ज्या नावानं धंदा करतो तेच नाव आहे का? दुसऱ्याच फर्मचा खरा नंबर उचलून आपल्या पत्रकावर छापणारे महाभाग आहेत. नंबर खरा, माणूस खोटा.

सुरुवातीची अक्षरं. घरोघरचा कचरा धंदा म्हणून नेणाऱ्याला वरच्या स्तराची नोंदणी लागते. तिचा नंबर 'सीबीडीयू'नं सुरू होतो. 'सीबीडीएल' म्हणजे खालचा स्तर, तो मुख्यतः स्वतःच्याच धंद्याचा कचरा वाहणाऱ्यांसाठी आणि धर्मादाय संस्थांसाठी असतो. काही जण ही सोपी नोंदणी करून ठेवतात आणि कागद दाखवतात. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून डोळ्यांत भरत नाही.

मुदत. वरच्या स्तराची नोंदणी तीन वर्षं चालते, मग नूतनीकरण. संपलेली नोंदणी म्हणजे नोंदणी नाही.

पत्ता. यादीतला पत्ता आणि त्याच्या पावतीवरचा किंवा वेबसाइटवरचा पत्ता जुळतो का, तेही बघा.

मग एक साधा प्रश्न विचारा: "हे सगळं कुठे नेऊन टाकणार?" ज्याला धंदा माहीत आहे तो कचरा केंद्राचं नाव सांगतो, सोफ्याचे जास्त का पडतात हेही समजावतो. "तुम्ही नका काळजी करू" म्हणणाऱ्याची मात्र जरूर काळजी करा.

या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुम्ही वाजवी काळजी घेतली होती याचा तोच पहिला पुरावा.

५. दर आधी, लेखी, आणि सगळ्या ढिगाऱ्याचा

माझ्याशी झालेली चाल सगळ्यांत जुनी आहे. आधी लहान आकडा सांगायचा, सामान गाडीत चढवायचं आणि मग मोठा आकडा. गाडीत चढलेलं सामान उतरवून घ्यायची हिंमत कोणाची होत नाही. ती मोजूनच ही चाल खेळली जाते.

ढिगाऱ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "या फोटोतल्या सगळ्या वस्तूंचे, मजुरी आणि व्हॅट धरून, एकूण किती?" असं लेखी विचारा. मॅट्रेस, सोफा, फ्रिज, रंगाचे डबे, टायर यांचे वेगळे पैसे असतात का, हे नाव घेऊन विचारा. काही जण वस्तूंवर नाही तर गाडीच्या किती भागात सामान मावलं त्यावर दर लावतात. पाव गाडी, अर्धी गाडी. तेही चालतं, पण मग कोणत्या मापाची गाडी ते कळायला हवं. दोन-तीन जणांचे दर घ्या. त्यांतला एकच निम्म्याहून स्वस्त असेल तर पहिली पायरी पुन्हा वाचा.

घरी येऊन झालेल्या ४२ पौंडांवरच्या करारात ग्राहकाला साधारणपणे १४ दिवसांत माघार घेता येते, आणि त्याची लेखी माहिती देणं व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. पण तुम्हीच "आजच करा" म्हणालात आणि काम पूर्ण झालं, तर हा हक्क बहुधा हातचा जातो. दारावरचा माणूस "आजच" का म्हणतो, त्याचं हेही एक कारण.

काम सुरू होण्याआधी तुमच्याकडे हे असायला हवं:

- वेस्ट कॅरियर नोंदणीचा स्क्रीनशॉट
- लेखी दर आणि वस्तूंची यादी, मेसेज असला तरी चालेल
- फर्मचं नाव, पत्ता आणि फोन
- ढिगाऱ्याचे फोटो

आणि काम झाल्यावर हे:

- तारीख, फर्मचं नाव, नोंदणी क्रमांक, काय नेलं आणि कुठे नेलं हे लिहिलेली पावती
- गाडीचा फोटो, नंबरप्लेटसकट
- पैसे दिल्याचा बँकेतला पुरावा

६. गाडी दारात आल्यावर

आधी नंबरप्लेटचा फोटो काढा. लपूनछपून नको, समोर उभं राहून. "काउन्सिलसाठी ठेवतो" म्हणा. सरळ माणसाला त्याचं काही वाटत नाही. दुसरा असेल तर त्याला एकाएकी दुसरीकडचं काम आठवतं. गव्ह डॉट यूकेवर नंबरप्लेट टाकली की गाडीचा मेक, रंग, रोड टॅक्स आणि एमओटी (गाडीची दरवर्षीची तपासणी) कळतं. नोंदीत पांढरी फोर्ड आणि समोर निळी भलतीच गाडी असेल तर तिथेच थांबा.

सामान देण्याआधी प्रत्येक खोक्यावरचं लेबल फाडा. बँकेची पत्रं, औषधांच्या पिशव्या, शाळेच्या वह्या वेगळ्या काढा. हे कचरा लपवण्यासाठी नाही, ओळख चोरणाऱ्यांसाठी आहे. (अधिकाऱ्यानं मला सांगितलं, तपास करताना ते पिशव्या फोडून हेच शोधतात. माझं मिक्सरचं खोकं त्यांना फार आवडलं असणार.)

दर अचानक वाढवला तर चढलेलं सामान उतरवायला सांगा, आणि घरात जाऊन दार लावून पोलिसांना फोन करा. कोणाबरोबर एटीएमपर्यंत जाऊ नका. "आम्ही सोडतो गाडीतून" ही मदत नव्हे.

७. पैसे देताना

रोख टाळा. रोख दिलेत की त्या माणसाशी तुमचा काही संबंध आला होता हेच दाखवता येत नाही. बँक ट्रान्सफर करत असाल तर खात्याचं नाव फर्मच्या नावाशी जुळतं का ते बघा. बँकेचं ॲप नाव जुळत नाही असं सांगतं तेव्हा पुढे जाऊ नका. १०० पौंडांवरचं काम क्रेडिट कार्डानं दिलंत तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

८. फसलातच, तर

पाकीट येण्याची वाट बघू नका. कचरा गेल्यावर शंका आली, पावती दिली नाही, नंबर यादीत सापडला नाही, तर त्याच दिवशी काउन्सिलच्या फ्लाय-टिपिंग विभागाला कळवा. गाडीचा नंबर, वेळ, फोन नंबर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट द्या. आधी स्वतःहून कळवणारा आणि नंतर सापडणारा यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते.

फसवणुकीची तक्रार करायला सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर ०८०८ २२३ ११३३, फोन मोफत. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहक कायदा मोडणाऱ्या व्यापाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या सरकारी विभागाकडे, तक्रार साधारणपणे त्यांच्यामार्फतच जाते. इंग्रजीत पटपट बोलायला अवघड जात असेल तर दुभाषा मिळेल का असं फोन घेतल्या घेतल्या विचारा, आणि समोर कागदावर तारीख, रक्कम, गाडीचा नंबर आणि दारात झालेलं बोलणं आठवेल तसं लिहून ठेवा. ट्रेडिंग स्टँडर्ड्स तुमचे पैसे वसूल करून देण्याचं काम करत नाही. त्यांचं काम त्या माणसाला पकडायचं.

काउन्सिलचं पत्र आलंच तर ते ड्रॉवरमध्ये ठेवू नका. त्यावर उत्तराची तारीख असते. कधी मुलाखतीला बोलावतात आणि त्या बोलण्याची नोंद होते, तेव्हा जाण्याआधी सल्ला घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. स्क्रीनशॉट, मेसेज, पावती, गाडीचा फोटो, बँकेची नोंद असं सगळं एकत्र पाठवा. वाजवी काळजी घेतल्याचं दाखवता आलं तर दंड लागू होत नाही. माझ्याकडे यांतलं काहीच नव्हतं. जाकिटाचा रंग तेवढा आठवत होता, तो मी सांगितला, आणि अधिकाऱ्यानं तो शांतपणे लिहून घेतला.